सरकीच्या तळघरातलं मेट्रो स्टेशन

३ ऑगस्ट २०२५, रविवार

शेवटी मंडळाने मान्य केलं. यंदाच्या गणपतीची आरास भुयारी मेट्रो स्टेशनची. आजवर गावाने थर्माकोलची देवळं आणि कापसाचा बर्फ पाहिला. आता हे पाहा म्हणावं.

अध्यक्ष राजेंद्र जिभाऊंनी बैठकीत विचारलं, "आप्पा, जमीन खंदनी पडी का मंग?"

"खोदायची काहीच गरज नाही," मी म्हणालो. (गाव अहिराणीत बोलतं, बैठकीत मी शुद्धच बोलतो.) "बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगखाली सरकी साठवायचं तळघर आहे. प्लॅटफॉर्मला शोभेल एवढी लांबी आहे, मधून खांबांची रांग आहे. स्टेशन तयारच आहे, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच."

लगेच जाऊन मोजमाप घेतलं. पुढच्या अंगणातून खाली उतरायला रुंद जिना आहे. मागे दुसरा जिना, तो नाल्याकडच्या गल्लीत निघतो. पूर्वी हमाल तिथून पोती काढायचे. शिवाय तळघराच्या टोकाला शाफ्टचा बोगदा आहे. जिनिंगची यंत्रं फिरवणारा लोखंडी दांडा त्यातून जायचा. बोगदा हळूहळू चढत पुढच्या अंगणातच, इंजिनघरात, निघतो. माणूस न वाकता जाईल एवढा आहे, पण विटा काळ्या पडल्यात आणि तेलाचा वास अजून गेलेला नाही. तो झाकावा लागेल.

योजना पक्की: माणसं पुढून येतील, मागून जातील. येणारे आणि जाणारे समोरासमोर येणार नाहीत. भुयारी स्टेशनचा हा पहिला नियम. माझी मुलगी हेमांगी पुण्यात ज्या ऑफिसात आहे तिथे मेट्रो स्टेशनं आखायचंच काम चालतं, पण हा नियम मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. डोळे उघडे असले की कळतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

हेमांगीने फोटो पाठवले. खांबाला चढवलेला चकचकीत पत्रा, छताला टांगलेल्या पट्ट्या, जमिनीतली पिवळी फरशी, सगळं जवळून. पिवळ्या फरशीवर रेघा असल्या तर चला, ठिपके असले तर थांबा. न दिसणाऱ्या माणसाला ते पायाने कळतं. गावात हे कोणालाच माहीत नाही. मागच्या वर्षी पुण्याला गेलो तेव्हा स्टेशनातला एक खांब वितीने मोजत होतो, तर रखवालदार येऊन विचारायला लागला की काका, काही हरवलंय का. त्याला म्हटलं, तुमच्या खांबावरच्या दोन पत्र्यांची सांध जुळलेली नाही, ते बघा आधी.

हेमांगी फोनवर म्हणाली, "पप्पा, या फोटोत माणसं नाहीत हं. सुरू व्हायच्या आधीचे आहेत."

म्हटलं, मला माणसं नकोच आहेत. मधे येतात, सांध दिसत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जेवताना आमच्या मंडळींना, म्हणजे रुक्मिणीला, कागदावर सगळं काढून दाखवलं. वर तिकीटघर, खाली प्लॅटफॉर्म, प्लॅटफॉर्मला लागलेला पत्र्याचा डबा, डब्यात बाप्पा. डब्याचं दार मोटरने सरकेल, थोडा वेळ दर्शन, मग बंद. तिने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं काय, तर,

"चपला कोठे काढतीन लोके?"

"अगं, मेट्रोत कोणी चपला काढतं का?"

"मंग मेट्रोमा गनपती बठस का?"

हा काही आराशीचा प्रश्न नव्हे. तरी मी सूचना म्हणून टिपून घेतलं. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी पाटी लावणार: 'पादत्राणे येथे काढावीत'. अक्षरं स्टेशनवरच्या पाट्यांसारखीच, निळ्यावर पांढरी. प्रश्न मिटला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आठ दिवस एकाच कामात गेले, पण असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. शाफ्टच्या बोगद्याचं तोंड प्लायने बंद केलं आणि त्यावर बोगदा रंगवला. रूळ लांब जात जात एकत्र येतात, भिंतीवरचे दिवे लहान लहान होत जातात, आणि शेवटी बोगदा डावीकडे किंचित वळतो. ते वळण जमायला तीन वेळा पुसावं लागलं. समोर उभं राहिलं की वाटतं, आता गाडी येईल.

दगा वेल्डर डब्याच्या दाराची पट्टी बसवत होता. तो हातातलं काम सोडून बघत बसला. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"खरा बोगदा झाकीसन त्यावर बोगदानं चित्र! आप्पा, उद्या घरमा बायकोले झाकीसन तिना फोटो लावशी."

दगाला कला कळत नाही. त्याचा हात सरळ चालतो, तेवढं पुरे.

२५ ऑगस्ट, सोमवार

पिवळी फरशी पूर्ण. ठिपके रबराच्या बटणांचे केले, एकेक चिकटवून. अनवाणी उभं राहून पाहिलं, पायाला बरोबर लागतात.

सूचना हेमांगीच्या आवाजात हव्या होत्या. तिने रेकॉर्ड करून पाठवल्या: 'कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा.' ऐकून कोणी म्हणणार नाही की ही पोरगी आमच्या गावात वाढली. म्हणूनच तिच्या लहानपणी घरात अहिराणी बंद केली होती. रुक्मिणीला तेव्हा ते आवडलं नव्हतं.

फोनवर हेमांगीने एक विचित्र प्रश्न विचारला. "पप्पा, बघायला आलेल्या माणसासारखं तुम्ही एकदा आत जाऊन बाहेर आलात का?"

म्हटलं, तीन आठवडे रोज तेच करतोय. वर चपला काढतो, उतरतो, काम करतो, वर येतो, चपला घालतो, घरी जातो.

ती म्हणाली, "मागच्या जिन्याने?"

तेवढ्यात मंडपवाला आला, म्हणून फोन ठेवला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

दुपारी स्थापना झाली. भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली. आता अकरा दिवस मूर्ती जागची हलणार नाही.

संध्याकाळी दार पहिल्यांदा सरकलं आणि आतले दिवे लागले तेव्हा खाली उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम 'मोरया' निघालं. जिभाऊंनी माझा हात धरून वर केला. एका म्हाताऱ्याने माझ्या चित्रातल्या रुळावर पाय ठेवायचा प्रयत्न केला, डोकं प्लायला आपटलं. मला मनातून फार बरं वाटलं. लिहू नये, पण वाटलं.

हेमांगीला व्हिडिओ पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. कामात असेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रकाशा, सारंगखेडा, पार शहाद्याहून माणसं यायला लागली. गाड्या शाळेपर्यंत उभ्या.

पण आपल्या लोकांना शिस्त नाही. मागच्या जिन्यावर 'बाहेर' अशी हिरवी पाटी लावली आहे, बाण आहे, दिवा आहे, सूचना चालू आहे. तरी दर्शन झालं की माणसं वळतात आणि ज्या जिन्याने उतरली त्याच जिन्याने वर चढतात. उतरणारे आणि चढणारे अर्ध्या जिन्यावर अडकतात. मी स्वतः प्लॅटफॉर्मवर उभा राहून बाण दाखवत होतो. एका बाप्याला दंडाला धरून मागे वळवलं, तर तो म्हणतो,

"मन्हा बूट पुढे शेतस, भो. मी कसाले जाऊ मांगे?"

"मागून बाहेर पडा आणि फिरून पुढे या."

"मांगे चिखल शे, काटा शेतस. अनवानी पाये फिरी येऊ? तू ये ना मंग."

आता गल्लीतल्या काट्यांचा आणि वास्तुरचनेचा काय संबंध? उद्या बाणाची पाटी दुप्पट मोठी करतो. अक्षराची उंची कमी पडली असणार.

३१ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या जो तो वेगळं सांगेल.

सुटीमुळे गर्दी फार. नवी पाटी लावलेली होती. आमच्या पलीकडच्या गल्लीतली कमलीबाई दर्शनाला आली होती. ती तरुणपणी याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती. दार उघडायची वाट बघत ती प्लॅटफॉर्मवर उभी होती, पण मागून रेटारेटी सुरू झाली तशी घाबरली आणि परत वर निघाली. वरून माणसं उतरत होतीच. मधल्या पायरीवर दोन्ही लोंढे भिडले. मी खालून फक्त एक हिरवं लुगडं खाली जाताना पाहिलं. तिच्या अंगावर आणखी दोघीजणी पडल्या. एक पोर किंचाळत होतं. वर कोणीतरी ओरडलं, 'पत्रा पडना', तशी खालची सगळी माणसं जिन्याकडे धावली. मागचा जिना मोकळा होता. पूर्ण मोकळा. तिकडे एकही माणूस गेला नाही.

आणि त्या सगळ्यावर हेमांगीचा आवाज चालू होता, कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा. तो बंद करायचं बटण कोणालाच सापडेना.

दगाने आणि जिभाऊंनी वरून माणसं ओढून काढली. कमलीबाईचा हात खांद्याखाली मोडला आहे, शहाद्याला नेलं. बाकीच्यांना खरचटलं. देवाने राखलं, असं सगळे म्हणतात.

१ सप्टेंबर, सोमवार

पोलीस पाटलांनी दर्शन बंद करायला सांगितलं. जिभाऊ घरी आले, चहाला हात लावला नाही.

"आप्पा, मी तुन्हावर बोट दखाडत नही. पन लोके इचारतस, इतलं खोल देवले कसाले बसाडं?"

मी त्यांना कागद दाखवला. येण्याचा मार्ग वेगळा, जाण्याचा वेगळा, दोन्हींची रुंदी लिहिलेली. यात चूक कुठे आहे ते दाखवा म्हटलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मूर्ती वर आनता येई का?" म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. स्थापना झालेली मूर्ती विसर्जनाआधी कोण हलवणार? पाच दिवस बाप्पा तळघरात एकटे बसणार, आरतीला चार माणसं. गावात असं कधी झालेलं नाही.

रुक्मिणी शहाद्याला कमलीबाईकडे जाऊन आली. मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, "इचारत व्हती, मन्ही चप्पल भेटनी का."

माझं काम निर्दोष आहे. हे मी आज तिसऱ्यांदा लिहितोय असं वाटतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

हेमांगी सकाळच्या ट्रॅव्हल्सने आली. बोलावलं नव्हतं. आईने कळवलं असणार.

तिला खाली नेलं. ती खांबाला हात लावून म्हणाली, "सांध आमच्यापेक्षा छान जुळलीय." बोगद्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मी वाट पाहत होतो. ती वळली आणि विचारलं, "याच्या मागे काय आहे?"

"शाफ्टचा बोगदा. अंगणात निघतो. जुना, काळा आहे."

"बंद का केला?"

"म्हणजे काय? उघडा ठेवू? चित्र कुठे काढणार मग?"

ती बसली, प्लॅटफॉर्मच्या कडेला, ठिपक्यांवरच. म्हणाली, "पप्पा, आमच्या ऑफिसात पहिले सहा महिने कोणी खांब, पत्रा, दिवा काढत नाही. नुसती माणसं काढतात. कोण कुठून येईल, हातात काय असेल, कुठे थबकेल, परत का वळेल. तुम्ही सगळं केलंत, फक्त..."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. आवाज तळघरात घुमला. "तू पाच वर्षं कॉलेजात बसून जे केलंस ते मी फोटो बघून केलं. तुझ्या स्टेशनात एक खांब तरी तू हाताने उभा केलायस?"

ती उठली, पुढच्या जिन्याने वर गेली. मीही थोड्या वेळाने गेलो. घरी दोघी मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. अहिराणीत. मला माहीतच नव्हतं की तिला येते.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी आरतीच्या आधी एकटाच गेलो. रुक्मिणीने जाताना फुलांची पिशवी हातात दिली. नेहमीसारखं जिन्याच्या तोंडाशी चपला काढल्या, खाली उतरलो, बाप्पाला फुलं वाहिली. मोटर बंद होती, म्हणून दार हाताने सरकवलं.

मग ठरवलं की आज मागच्या जिन्याने बाहेर पडून बघायचं. एकदा सिद्ध करू, म्हणजे हेमांगीला सांगता येईल.

चार पावलं गेलो आणि थांबलो. माझ्या चपला पुढे होत्या.

आता हे लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. मी तिथे हिरव्या पाटीखाली उभा होतो, माझ्याच हाताने रंगवलेल्या, आणि माझे पाय पुढच्या जिन्याकडे वळलेले होते. महिनाभर मी दिवसातून कितीदा तरी या तळघरात उतरलो. मागच्या जिन्याने एकदाही वर गेलो नव्हतो. एकदाही नाही. चपला पुढे असताना मागून कोण जाईल?

तसाच अनवाणी मागच्या जिन्याने वर गेलो. गल्लीत घोट्याएवढा चिखल, बाभळीच्या फांद्या. कंपाउंडला वळसा घालून पुढे येईपर्यंत दोन काटे मोडले. एक अजून टाचेत आहे.

रुक्मिणीने कागद पाहिला त्याच दिवशी चपलांचं विचारलं होतं. मी त्याची पाटी केली.

अंगणात येऊन इंजिनघराच्या दारात उभा राहिलो. तिथून माझ्या चपला दहा-बारा हातांवर होत्या. शाफ्टचा बोगदा इथेच निघतो.

घरी जाऊन स्क्रू काढायचं मशीन घेतलं. हेमांगी ओट्यावर चहा पीत होती. तिला म्हटलं, "चल." ती कप ठेवून उठली. वाटेत दगाला घेतलं.

प्लायचे स्क्रू मी काढले. दगा म्हणाला, "आप्पा, हळू. अख्खं निंघी, चित्र वाचाडता येई." पण तळघराच्या ओलीने प्लाय फुगला होता, चौकटीतून सुटेना. मधोमध कापावा लागला. जिथे बोगदा डावीकडे वळतो, बरोबर तिथे. दगाने कटर आणलं, पण मी ते त्याच्या हातात दिलं नाही, स्वतःच कापलं.

मागून गार हवा आली. तेलाचा जुना वास.

दिवसभर बोगदा झाडला, हेमांगीने दिवे कुठे लावायचे ते सांगितलं, दगाने दोन्ही बाजूंनी धरायला पाइप ठोकला. पिवळ्या फरशीचे ठिपके बोगद्याच्या तोंडाशी मी काढून टाकले आणि तिथे रेघा लावल्या. ठिपके म्हणजे थांबा. तिथे कोणी थांबायला नको.

४ सप्टेंबर, गुरुवार

पोलीस पाटलांनी दोनदा बोगद्यातून चालून पाहिलं, मग थोडी थोडी माणसं सोडायची या अटीवर परवानगी दिली. पुढून उतरायचं, दर्शन, बोगद्यातून वर, समोरच चपला. मागच्या गल्लीतला चिखल उपसला, काटे तोडले, तो जिनाही अडीनडीला मोकळा राहील.

रेकॉर्ड बंद केलं. हेमांगी स्वतः माइक घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चपला आठेच शेतस. बोगदामाईन या, समोरच निंघशात."

एकही माणूस मागे वळला नाही. माणसं हसत होती, काही तिची नक्कल करत होती, पण चालत होती. मी कितीतरी वेळ फक्त त्यांचे पाय पाहत होतो.

चित्र कुठे गेलं, असं कोणीच विचारलं नाही. दोन तुकडे इंजिनघरात भिंतीला टेकवून ठेवले आहेत.

संध्याकाळी जिन्याखाली रविवारच्या रेटारेटीत वरून पडलेल्या चपलांचा ढीग उपसला. कमलीबाईची कशी ओळखणार, म्हणून रुक्मिणीला विचारलं. "अंगठाले निळी चिंधी बांधेल शे," ती म्हणाली. एकच सापडली, उजवी. अंगठा शिवून आणला. डावीचा पत्ता नाही.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

सकाळी चप्पल घेऊन कमलीबाईकडे गेलो. हात गळ्यात अडकवलेला, ती खाटेवर बसली होती. काय बोलायचं ते रात्रीपासून जुळवलं होतं. शुद्ध भाषेत. सगळं विसरलो.

तिने चप्पल उलटसुलट करून पाहिली. "दुसरी?"

"नही भेटनी."

"मंग हाई काय करू? लंगडी खेळू?"

ती मला आप्पा म्हणत नाही, नावानेच हाक मारते. म्हणाली, "लोटन, एक सांग. दार उघडनं व्हतं का त्या रोजले? माले त देव दखायनाच नही."

तेव्हा मला कळलं की ती दर्शन न घेताच पडली होती. विसर्जनाची मिरवणूक चारला निघणार होती. म्हटलं, "चाल बहीन. आत्तेच चाल."

तिच्या सुनेच्या चपला घालून ती आली. मी रिक्षा थेट अंगणात नेली. तिने इंजिनघराशेजारी चपला काढल्या, बोगद्याच्या तोंडाशी थांबली, भिंतीला हात लावला. "आठेच आम्ही भाकरी खाऊत. गार लागे," म्हणाली. माझ्या योजनेत तो बाहेर जायचा मार्ग होता. ती त्यातूनच आत उतरली. मी बाण दाखवला नाही.

मिरवणुकीसाठी तारा काढलेल्या होत्या, मोटर बंद. मी दाराच्या दोन्ही कडा धरून ते सरकवलं आणि खांदा लावून उभा राहिलो, कारण सोडलं की ते आपोआप मिटतं. दार दगाने चांगलं जड केलं आहे. कमलीबाई समोर पिवळ्या ठिपक्यांवर अनवाणी उभी होती. एक हात गळ्यात, म्हणून तिने दुसराच हात कपाळाला लावला. माझा खांदा भरून आला. तिने घाई केली नाही.

मग ती म्हणाली, "पायले टोचस रे हाई."

"थांबाकरता शे ते," मी म्हटलं.

"थांबनू ना मी. चाल आते. चपला उनमा तापी ऱ्हायन्यात."